पारावरची पूजा आणि पाराखालची मुळे

(वटपौर्णिमेनिमित्त देवालयाच्या सभामंडपात झालेले प्रवचन)



आज ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा. पहाटेपासून आपल्या देवालयाच्या अंगणातील वडाला सुवासिनींच्या प्रदक्षिणा चालल्या आहेत. खोडाला सुताचे वेढे पडले, पायथ्याशी आंब्याफणसांची वाणे आली, हळदकुंकू वाहिले गेले, सावित्रीची कथाही वाचून झाली. आता मी जे चार शब्द बोलणार आहे ते त्याच वडासंबंधी आहेत. आरंभीच सांगून टाकतो की, त्यांत माझ्या स्वतःच्या एका अपराधाची कबुलीही आहे.

मंडपातून बाहेर पडाल तेव्हा क्षणभर थांबून वर पाहा. खालून वड हिरवागार दिसतो. परंतु शेंड्याकडच्या फांद्या यंदा चैत्रपालवीच्या दिवसांतही उघड्याच राहिल्या. तीन वर्षांपूर्वीपर्यंत असे कधी झाले नव्हते. तीन वर्षांपूर्वी काय झाले, ते आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. जुना पार दगडांचा, सांध्यांत चुना नसलेला, मध्ये मोकळी माती असलेला असा होता. पावसाळ्यात तेथे चिखल होई, प्रदक्षिणा घालताना लुगड्यांचे काठ खराब होत. म्हणून पार सिमेंटने बांधून काढावा व वर गुळगुळीत फरशी बसवावी असे ठरले. दात्यांनी सढळ हाताने द्रव्य दिले. फरशी थेट खोडाला भिडेपर्यंत बसली. त्या ठरावाला ज्यांनी आनंदाने हात वर केले त्यांत मीही एक होतो. देवाची जागा स्वच्छ झाली, एवढेच मला दिसले. त्या फरशीखाली एक जीव श्वास घेत आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

आता काही मंडळी म्हणतात, वड वाळतोच आहे, उद्या एखादी फांदी कोणाच्या अंगावर पडेल. तो काढून टाकावा आणि त्या जागी मांडवाची सोय करावी. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. सभेत काय ठरवावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु ठरविण्यापूर्वी धर्म काय सांगतो, आणि झाडाचे शरीर काय सांगते, हे दोन्ही आपण ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम धर्माचे पाहू. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील बाविसाव्या अध्यायात एक गोड प्रसंग आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत भगवान गोपाळांसह रानात हिंडत असता वृक्षांच्या सावलीकडे बोट दाखवून सवंगड्यांना म्हणतात की, पाहा हे भाग्यवान वृक्ष, यांचे सारे जीवित दुसऱ्यासाठी आहे. ऊन, वारा, पाऊस आणि हिमकण हे स्वतः सोसतात आणि आपले त्यांपासून रक्षण करतात. पान, फूल, फळ, सावली, मूळ, साल, लाकूड, राखसुद्धा देतात. याचकाला विन्मुख म्हणून पाठवीत नाहीत. लक्षात घ्या, भगवंतांनी तेथे गोपाळांना वृक्षाची आरती करावयास सांगितलेले नाही. ‘पाहा’ एवढेच सांगितले आहे. पाहणे ही सेवेची पहिली पायरी होय. आपण वडाला हात जोडतो, पण त्याच्याकडे पाहत नाही.

सावित्रीचेही तसेच. तिच्या पातिव्रत्याचे तेज कशात होते? यमधर्म पतीचे प्राण घेऊन निघाला तेव्हा ती त्याच्या पाठोपाठ चालत राहिली. त्याने परत जा म्हटले, तरी ती परतली नाही. एका नमस्कारात तिचे व्रत संपले नाही, पावलामागून पाऊल टाकून ते सिद्धीस गेले. मग तिच्या नावाने आपण ज्या वडाची पूजा करतो, त्याची आठवण आपल्याला वर्षातून एका सकाळीच का व्हावी? आणि ज्या घरी बाजारातून तोडलेली फांदी आणून कुंडीत खोचतात व तिची पूजा करतात, त्या घरी तर अखंड सौभाग्याचे मागणे एका तुटलेल्या फांदीपाशी मागितले जाते. हे कोणाला बोचावे म्हणून सांगत नाही; गर्दीचे शहर आहे, घरातून निघणे सर्वांना जमत नाही. परंतु फांदी आणण्यापेक्षा पाटावर चंदनाने वड रेखून पूजा करणे शतपटींनी बरे.

आता झाडाच्या शरीराचे. आपली अशी समजूत असते की, झाडाची मुळे खोल पाताळात जातात, वरच्या फरशीने त्यांना काय होणार? वस्तुस्थिती निराळी आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरातच पसरलेली असतात, आणि ती पानांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत जातात. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळीतून ती त्यांना मिळते. वर सिमेंट ओतले की पाणी वरच्या वर वाहून जाते, माती दाबली जाते आणि हवेची वाट बंद होते. बारीक मुळे गुदमरून मरतात. झाड मात्र लगेच पडत नाही. ते साठविलेल्या शिदोरीवर दोन वर्षे, चार वर्षे काढते, आणि मग शेंड्याकडून वाळू लागते. कारण पाणी पोहोचविण्यास सर्वांत दूरची जागा तीच. तात्पर्य, वर दिसणारे दुखणे खालचे असते. आपला वड म्हातारा झाला म्हणून वाळत नाही. आपण त्याच्या गळ्याशी फरशी नेऊन भिडविली म्हणून वाळत आहे.

गळ्याचे नाव निघाले म्हणून आळंदीची एक कथा आठवते. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी 1296 साली संजीवन समाधी घेतली. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी पैठणचे श्रीएकनाथ महाराज घशाच्या व्यथेने पीडले असता माउली स्वप्नात आली आणि म्हणाली, अजानवृक्षाचे मूळ माझ्या कंठाला लागले आहे, ते येऊन दूर कर. अशी परंपरा आहे. नाथ आळंदीस गेले, समाधिस्थान शोधून काढले आणि ते मूळ कंठापासून सोडविले. या कथेतील चमत्कार आपण सर्वजण सांगतो. त्यातील विवेक मात्र निसटतो. माउलींच्या कंठाला मूळ लागले होते, तरी नाथांनी अजानवृक्ष तोडला नाही. जे एक मूळ रुतत होते तेवढेच त्यांनी हातांनी सोडविले. वृक्षही राहिला, समाधीही निर्वेध झाली. आळंदीस जाणारा वारकरी आजही अजानवृक्षाच्या सावलीत पारायणास बसतो.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, आमच्या सोसायटीच्या भिंतीला मुळांनी तडे जातात, मोरीचे नळ फुटतात, त्याचे काय? शंका रास्त आहे. काळ्या मातीचा आपला प्रदेश. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुळे ओलाव्याच्या शोधात गळक्या नळाकडे वळतात. त्यावर नाथांचाच मार्ग आहे. रुतणारे मूळ कोणते ते शोधावे, नळाची गळती बंद करावी, जाणत्या माळ्याच्या सल्ल्याने तेवढाच उपाय करावा. एकाच बाजूची सगळी जाड मुळे चर खणून तोडली, तर पहिल्याच वादळात झाड त्या बाजूचा आधार सुटून कोसळते, आणि मग आपण झाडालाच दोष देतो. तसेच लावतानाच विचार करावा. वड, पिंपळ, उंबर यांची जागा नदीकाठी, मैदानात, देवळाच्या मोकळ्या आवारात. इमारतीच्या भिंतीलगत बकुळ, पारिजातक, बेल, आवळा यांसारखी आटोपशीर झाडे लावावीत. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवला, तर तो बोटाएवढा असतानाच मुळासकट अलगद काढून जमिनीत लावावा. भिंतही वाचते, पिंपळही वाचतो.

पाराखाली आपल्याला जे दिसत नाही ते डोंगरावर वसलेल्या गावांत उघड्या डोळ्यांनी दिसते. आपल्यापैकी पुष्कळांनी माथेरान पाहिले असेल. ‘माथ्यावरचे रान’ हे नावच बोलके आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरील या डोंगरमाथ्यावर 1850 साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी वस्तीची सुरुवात केली. तेथील घरे व बंगले जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाटीत जागा काढून उभे आहेत. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. आणि 2003 साली केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षण दिले. परंतु कायद्याने झाड तोडणारा हात थांबतो, पायाखालची माती थांबत नाही. तांबड्या जांभ्या दगडावर मातीचा थर तो केवढा! पायांची व घोड्यांच्या टापांची वर्दळ, त्यावर सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. वाटेकडेची माती धुऊन जाते आणि झाडांची मुळे म्हाताऱ्या हातावरच्या शिरांप्रमाणे उघडी पडतात. ज्याच्या अंगणात असे झाड असेल त्याने पडलेला पाचोळा झाडून जाळावयाचा नाही, मुळांवर राहू द्यावयाचा. उताराच्या बाजूने दगडांची सुटी ओळ रचून माती अडवावयाची. आणि मुळांवरून वाट जाऊ द्यावयाची नाही. तेथे माती वाहून जाते म्हणून झाड धोक्यात, येथे माती कोंडली म्हणून. दोन्हीकडे उपाय एकच: खोडाआधी मातीला जपणे.

आपण पावसाळ्यात सापुताऱ्याला जातो, डांगाची हिरवाई पाहून धन्य धन्य म्हणतो, आणि घरी परतल्यावर मोटार उभी करावयास अडचण होते म्हणून दारातल्या कडुनिंबावर कुऱ्हाड चालवितो. डोंगरावरचे झाड आपल्याला दर्शनाचे वाटते आणि दारातले अडचणीचे. वास्तविक डोंगरावरच्या झाडाला रान सांभाळते. दारातल्या झाडाला मात्र आपल्यावाचून कोणी नाही.

मग जुने झालेले झाड कधी तोडूच नये काय? याविषयी आपल्या मराठी राज्यनीतीनेच स्पष्ट सांगून ठेवले आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कोठून व कसे आणावे याचा विचार आहे. आंबे, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरासारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात, आणि दुसऱ्याला दुःख देऊन साधलेले कार्य कर्त्यासह लयास जाते, असा त्यातील आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असेही त्यात आहे. ज्या राज्याला शत्रूशी लढण्याकरिता लाकूड हवे होते त्याने एवढा विचार केला. आपल्याला तर मांडवाकरिताच जागा हवी आहे.

आता आपल्या या सुरतेकडे वळू. आपल्यापैकी अनेक घराणी खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आली. उधना, लिंबायत भागांत त्यांनी संसार मांडले. गाव सुटले, पण नदी सुटली नाही. मुलताईस उगम पावलेली, चांगदेव-भुसावळ-प्रकाशे असे आपले मुलूख पाहत आलेली तापीमाई येथे आपल्या दाराशी आहे. तापी ही सूर्यकन्या. आणि महारथी कर्ण हा सूर्यपुत्र. म्हणून ती कर्णाची बहीण. येथील लोकश्रद्धेप्रमाणे कर्णाने भगवंतांजवळ शेवटचे मागणे मागितले की, जेथे कोणाचे दहन झाले नाही अशा कुमारी भूमीवर माझा अग्निसंस्कार व्हावा. ती सुईच्या अग्राएवढी भूमी तापीकाठी अश्विनीकुमार येथे सापडली, आणि त्या स्थानी तीन पानांचा वड उगवला, असे मानतात. ‘त्रण पाननो वड’ म्हणून गुजराती बांधव त्याचे दर्शन घेतात, आपणही घेतो.

या कथेचे मर्म मला असे वाटते. ज्या दानशूराने अंगावरची कवचकुंडले सोलून दिली, त्याचे स्मारक म्हणून लोकांच्या मनाला दगडी मनोरा सुचला नाही, वड सुचला. कारण सोलून घेतले तरी देत राहणे हे कर्णाचे ब्रीद, तेच वृक्षाचे ब्रीद. आणि त्या वडाची पाने किती? तीनच. महत्त्व पसाऱ्यात नाही, जिवंत असण्यात आहे. आपला वड शेंड्याला वाळला असेल, पण त्याची एखादी फांदी हिरवी आहे तोवर तो आपल्याकडे सेवा मागण्यास पात्र आहे.

ऑगस्ट 2006 च्या महापुराची आठवण येथे अनेकांना आहे. शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता. एका वडाने महापूर अडतो असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे असत्य होईल. परंतु शहरातल्या प्रत्येक अंगणात हातभर मोकळी माती राहिली तर पावसाचे थोडे पाणी तरी रस्त्यावर धावण्याऐवजी जमिनीत मुरेल, हे मात्र सत्य आहे.

असो. निरूपणाचा शेवट आचरणात व्हावा, म्हणून काही गोष्टी नेमस्तपणे सांगतो.

वडाला गुंडाळावयाचे सूत कच्चे, कापसाचेच असावे. आपले शहर कृत्रिम धाग्याच्या साड्यांसाठी प्रसिद्ध. तो धागा घरोघरी सहज मिळतो, पण तो कुजत नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. खोड जाड होत जाते, धागा मात्र सैल होत नाही, आणि अन्नाची ती वाट आवळली जाते. सौभाग्याचा दोरा झाडाचा फास होऊ नये. कापसाचे सूतही पूजेनंतर आठ दिवसांनी सोडवून घ्यावे. तसेच उत्तरायणानंतर फांद्यांत अडकलेला मांजा तरुणांनी सावधपणे उतरवावा. तो पक्ष्यांचे पाय आणि कोवळ्या डहाळ्या दोन्ही कापतो.

दिवा खोडाच्या ढोलीत किंवा सालीला लागून ठेवू नये. धगीने साल मरते. तेल आणि दूध मुळांवर ओतू नये. दुधाची वाटी दाखवून ती एखाद्या लेकराच्या मुखी द्यावी; वडाला शुद्ध पाणीच प्रिय आहे. पाट्या व दिव्यांच्या माळा टांगण्यासाठी खोडात खिळे ठोकू नयेत. पारंब्या लोंबतात म्हणून कापू नयेत. त्या जमिनीला टेकल्या की झाडाचे खांब होतात.

वाळलेली फांदी पावसाळ्यापूर्वी जरूर काढावी, त्यात अधर्म नाही. मात्र ती जेथून फुटली तेथील फुगीर कडा राखून कापावी, म्हणजे जखम भरून येते. सरसकट शेंडाच छाटून टाकणे ही छाटणी नव्हे, विटंबना आहे.

नवे रोप लावाल तर पहिले तीन उन्हाळे त्याचे आईबाप व्हा. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी सावकाश जिरू द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. आळ्यात पाचोळा घालावा, पण तो खोडाला भिडवू नये. मत्स्यपुराणात एका वृक्षाला दहा पुत्रांची योग्यता दिली आहे. दहा पुत्रांचे पुण्य हवे, तर एका पुत्राइतके तरी जागरण करावयास नको काय?

आणि आता आपल्या वडाचे. खोडाभोवतीची निदान दोन-तीन हात फरशी पावसापूर्वी काढावी, असे मी सभेपुढे मांडणार आहे. काम यंत्राने नको. छिन्नी-हातोडीने, मुळे न दुखविता व्हावे. खालची दबलेली माती वरवर हलकी करून तीत कुजलेल्या पानांचे खत घालावे, आणि प्रदक्षिणेसाठी बाहेरच्या कडेने सुट्या दगडांची वाट ठेवावी. धोकादायक वाटणाऱ्या वाळक्या फांद्या जाणत्याकडून उतरवून घ्याव्यात. मग दोन पावसाळे वाट पाहावी. इतके करूनही वड सावरला नाही, तर त्याला निरोप देण्यापूर्वी त्याच्याच फांदीचे रोप करून ते योग्य जागी लावावे.

ज्यांच्या आईवडिलांच्या नावाच्या फरश्या त्या पारावर आहेत, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. नावे सभामंडपाच्या भिंतीवर आदराने बसविता येतील. आपण दान देवाच्या सेवेसाठी दिले होते. फरशी निघाल्याने ते दान कमी होत नाही, उलट आज ते खऱ्या ठिकाणी पोहोचेल. आणि पारावर पुन्हा चिखल होईल, हे मी जाणून आहे. सुनांनो, लेकींनो, पुढच्या ज्येष्ठी पौर्णिमेस काठाला चार शिंतोडे उडाले तर ते वडाचे वाण समजून घरी न्या.

सावली देणाऱ्याने आपल्याला कधी गोत्र विचारले नाही. त्याची मुळे मोकळी करण्याची बुद्धी श्रीहरी आपणा सर्वांस देवो.

॥ शुभं भवतु ॥